गावाला विचारा, आणि उत्तरही द्या

आज ७ एप्रिल. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली याच तारखेला अमलात आली, म्हणून आजचा जागतिक आरोग्य दिन. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फलक लागतील, शाळांच्या प्रभात फेऱ्या निघतील, रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे भरतील आणि त्यांचे फोटो संध्याकाळपर्यंत वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतील. पाच दिवसांनी, १२ एप्रिलला, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा वर्धापनदिन आहे. तो बहुधा कोणाच्या ध्यानातही येणार नाही. २००५ साली सुरू झालेल्या या अभियानाने देशातल्या गावांना कागदावर का होईना एक मोठा अधिकार दिला होता. आपल्या आरोग्याची गरज काय ते गावाने ठरवायचे आणि तिचा आराखडाही गावानेच करायचा. त्या अधिकाराचे पुढे काय झाले, हे आजच्या दिवशी विचारायला हवे.

अभियानाची कागदावरची रचना आजही वाचली तर तिच्यात खोट काढणे अवघड जाते. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिच्यात ग्रामपंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया. तिच्या हाती मूळ तरतुदीनुसार वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी. समितीने गावाची पाहणी करायची आणि गावाचा आरोग्य आराखडा बनवायचा. गावांचे आराखडे मिळून तालुक्याचा, तालुक्यांचे मिळून जिल्ह्याचा, जिल्ह्यांचे मिळून राज्याचा, आणि तो मंजुरीसाठी दिल्लीला. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे घडते. वरून तक्ता येतो, त्यातले रकाने आधीच ठरलेले असतात, मागच्या वर्षीच्या आकड्यांत थोडी वाढ धरून तो तालुक्याच्या कचेरीत भरला जातो आणि मुदतीच्या आत वर जातो. गावच्या समितीचा ठराव रजिस्टर पुरे करण्यापुरता होतो, त्यासाठी सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. निधी फिनेल, टीसीएल पावडर, वजनकाटा, एखादी खुर्ची यांत संपतो. गावाची गरज फिनेलची होती का, हे कोणी विचारलेले नसते.

आरोग्य खाते पाहणी करत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ते सतत पाहणीच करत असते. आशाताईंची पिशवी उघडून बघा: गरोदर मातांची यादी, पाच वर्षांखालील बालकांची यादी, जननक्षम जोडप्यांची यादी, क्षयरोग आणि कुष्ठरोग संशयितांची यादी, तिशीच्या पुढच्यांची मधुमेह-रक्तदाबाची चाचणी. एकेका घरात वर्षातून कितीदा तरी कोणी ना कोणी नोंद घ्यायला येते. पण या याद्यांतला प्रत्येक रकाना मुंबई-दिल्लीत ठरलेला आहे. ज्याला रकाना नाही तो आजार गावात नाही, असेच मग धरले जाते. भात लावणाऱ्या बाईची कंबर, फवारणीनंतर डोळ्यांची आग होणारा शेतमजूर, रोज संध्याकाळी दारूच्या पायी मार खाणारी बायको, एकटा राहणारा म्हातारा यांची नोंद कुठे करायची? माहिती गोळा करणे आणि गरज विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्राच्या आरोग्य कारभाराने पहिली करून दुसरी झाली असे मानले आहे.

यातून काय घडते त्याचे दोन दाखले याच राज्यातले आहेत. त्यांच्यात तीस वर्षांचे अंतर आहे आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

पहिला गडचिरोलीचा. ऐंशीच्या दशकात सरकारच्या लेखी ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केल्यावर गडचिरोलीतल्या दोन गावांत घरोघरच्या बायांना विचारले आणि त्यांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ च्या जानेवारीत आलेल्या या अभ्यासात ६५० स्त्रिया होत्या. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. आधी कधी तरी अंगतपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटाचे दुखणे हे सारे ‘बाईच्या जातीला चालायचेच’ या खाती जमा होते. दवाखान्यात यायचे नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून औषध नाही. औषध नाही, म्हणून दवाखान्यात यायचे नाही. हे चक्र तोडायला कोणीतरी घरी जाऊन, विश्वास कमावून विचारावे लागले. या अभ्यासाने जगभरच्या स्त्री-आरोग्याच्या चर्चेची दिशा बदलायला हातभार लावला.

दुसरा दाखला बीडचा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात संडास नाही, कोपीत न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन ही बाई दवाखान्यात जाते तेव्हा तिला खाड्याची भीती आणि डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती अशा दोन भीती एकदम असतात. ‘पिशवी’ काढून टाकली की दोन्ही मिटल्या, असे तिला सांगितले जाते. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून गवगवा झाल्यावर राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या, आणि अनेकींचे वय चाळिशीच्या आतले.

गडचिरोलीच्या अभ्यासाने १९८९ मध्ये जे दुखणे दाखवून दिले, तेच बीडमध्ये २०१९ साली शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचले. मधल्या तीस वर्षांत प्रत्येक उपकेंद्रात स्त्रीरोगाची साधी तपासणी आणि स्वस्त औषधे मिळाली असती, फडावर पाणी आणि संडास असावेत एवढी मागणी कोणी वेळेत कागदावर आणली असती, तर यांतल्या कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या. सरकारने गरज विचारली नाही, म्हणून गरज नाहीशी झाली नाही. ती बाजाराने ओळखली आणि आपल्या पद्धतीने भागवली. लोकसहभाग ही भल्या माणसांची हौस नसून तो कारभाराचा कणा का आहे, याचे याहून ढळढळीत उत्तर दुसरे नाही.

आजार गावागणिक आणि धंद्यागणिक बदलतात, हेही राज्याच्या सरासरीत दिसत नाही. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावतात हे पाठ्यपुस्तकाला ठाऊक नव्हते. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, त्या प्रसिद्ध केल्या, प्राझोसीनचा उपचार बसवला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली, ती काजूच्या बागेत आणि जंगलात राबणाऱ्यांच्या वाट्याला. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. मृत्यूंची बातमी झाल्यावरच फवारणी हा आरोग्याचा प्रश्न ठरला. फवारणाऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता. विंचू, गोचीड आणि कीटकनाशक यांना राज्यस्तरीय तक्त्यात एक ओळही मिळाली नाही, तरी महाड, दोडामार्ग आणि यवतमाळच्या तालुक्यांत त्या ओळी पहिल्या असायला हव्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. ही मोठी कमाई आहे. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचेही दिसते. बाळंतपण ही दवाखान्यात उरकता येणारी घटना आहे. रुग्णवाहिका, खाट आणि अनुदान दिले की ती आटोक्यात येते. रक्त कमी असणे मात्र ताटात, मजुरीत, पाण्याच्या खेपेत आणि शेवटी जेवण्याच्या रीतीत मुरलेले असते. लोहाच्या गोळ्या वाटून झाल्या तरी त्या का खाल्ल्या जात नाहीत, हे गोळ्या वाटणाऱ्या खात्याला कळत नाही. ते ज्या घरात गोळ्यांचे पाकीट फळीवर पडून असते, तिथल्या बाईलाच विचारावे लागते.

विचारल्यावर लोक काय सांगतात? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. दोघेही उत्तम शिकलेले, शस्त्रक्रिया करू शकणारे. पण अवर्षणाच्या त्या वर्षांत गावांनी त्यांच्याकडे आधी पाणी आणि अन्न मागितले. आरोळ्यांनी ते ऐकले. विंधन विहिरी घेतल्या, अनेक ठिकाणी हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे साऱ्या गावाला तिथे यावे लागेल. शेतकरी मंडळे झाली, महिला मंडळे झाली. मग गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण मिळाले आणि त्यांनीच गावागावात जुलाब, कुपोषण, बाळंतपण, कुष्ठरोग यांची कामे पेलली. जामखेडचे अनुभव पुढे जगभर अभ्यासले गेले, आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाने सांगितलेल्या पहिल्या गरजेकडे ‘हे आमच्या खात्यात येत नाही’ म्हणून पाठ फिरवली असती, तर दुसरी गरज सांगायला गाव त्यांच्याकडे आलेच नसते.

गडचिरोलीत तर आदिवासींनी दवाखान्याचा आराखडाच बदलायला लावला. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, आमचा देव तिथे नसतो, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या ठिकाणचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला आणि त्याला नाव मिळाले त्यांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरीचे. आदिवासी आरोग्य संसदेत लोकांनी कंबरदुखी आणि पाठदुखीचा विषय लावून धरला, तेव्हा संशोधनही त्या दिशेने वळले आणि मुंबईहून मणक्यांचे शल्यचिकित्सक शिबिरांना येऊ लागले. दारू हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे गडचिरोलीच्या बायांनी कोणत्याही समितीआधी सांगितले आणि आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. नवजात बालकांचे मृत्यू घरातच होतात, तेव्हा उपचारही घरी पोहोचला पाहिजे, हे ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून दाखवून देण्यात आले. १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशांकडे आले. एका मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात नीट विचारलेल्या प्रश्नाचे असे देशाचे धोरण झाले. मात्र त्याला बारा वर्षे लागली.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. लोकांना विचाराल तर ते सुई, सलाईन आणि मोठे हॉस्पिटल मागतील. लसीकरण, शौचालय, तंबाखूबंदी कोण मागणार? आक्षेपात तथ्य आहे. ज्या गावाने सरकारी दवाखान्यात फक्त सुईच पाहिली, ते सुईच मागणार. पण याचा अर्थ विचारू नये असा होत नाही. माहिती देऊन विचारावे, असा होतो. गेल्या वर्षी आपल्या गावात किती जणांना साप चावला, त्यांतले किती वाचले, किती मुले कमी वजनाची, दवाखान्यावर कर्ज काढणारी घरे किती, हे आकडे गावासमोर मांडले की चर्चा सलाईनवर थांबत नाही. आज हे आकडे गावातूनच गोळा होतात आणि गावाला परत कधी दिसत नाहीत. ताप मोजायचा आणि थर्मामीटर खिशात घालून काही न बोलता निघून जायचे, असा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ग्रामसभा म्हणजे गाव नव्हे. तिथे बोलतात ते चार पुढारी. बायका मागे बसतात, पाड्यावरचे येत नाहीत, ऊसतोडीला गेलेले जिल्ह्याबाहेर असतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच कायद्याने ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायला सांगितली आहे. ती किती गावांत मनापासून होते आणि किती गावांत एकाच कागदावर दोन सभांच्या सह्या होतात, हे प्रत्येक ग्रामसेवकाला माहीत असते. गरजांची पाहणी वस्तीवस्तीवर, पाड्यापाड्यावर आणि बायांची वेगळी बसून झाली नाही, तर तीत गावातल्या बोलक्या माणसांचीच गरज गावाची म्हणून लिहिली जाईल. गर्भपिशवीचे दुखणे भर ग्रामसभेत कोणती बाई सांगेल?

महाराष्ट्राने हे सारे करून पाहिले आहे, हे विशेष. २००७ मध्ये केंद्राने नऊ राज्यांत आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू केला, त्यात महाराष्ट्र होता. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्याच्या समन्वयाचे काम होते, पुढे आणखी जिल्हे आले. गावातल्या समितीने आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन प्रगतिपुस्तक भरायचे, ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायचे आणि मग जनसुनवाईत मांडायचे. जनसुनवाईचा मांडव हा आपल्या लोकशाहीतला एक दुर्मीळ देखावा असे. समोर वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी, हातात माईक घेतलेली एखादी आदिवासी बाई, आणि तिचा साधा प्रश्न: औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का दिली? उपकेंद्राला कुलूप का होते? फुकटच्या सेवेचे पैसे का घेतले? अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. ज्या केंद्रांवर हे सातत्याने झाले तिथे बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, बेकायदा पैसे घेणे थांबले, डॉक्टर हजर राहू लागले. पुढे प्रकल्पाची मुदत, निधी आणि वरिष्ठांची मर्जी यांच्या खेळात ही प्रक्रिया आकसत गेली. जे काम कारभाराचा नियम व्हायला हवे होते ते प्रकल्प म्हणून राहिले, आणि प्रकल्पाला कधी ना कधी शेवट असतोच.

यातले काहीच नवे नाही. भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात गावपातळीवर आरोग्य समिती असावी असे सुचवले होते. १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे म्हटले. त्या जाहीरनाम्यावर भारताची मोहोर आहे. ज्यांनी हे मनावर घेतले त्यांनी पैशाचा आणि उत्तराचा बंदोबस्त आधी केला. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींकडे सोपवली. थायलंडने २००७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य कायदा केला. त्याखाली भरणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सभेत गावोगावच्या संघटना, तज्ज्ञ आणि सरकार एकत्र बसून ठराव करतात आणि ते ठराव मंत्रिमंडळापर्यंत जातात. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला सुमारे ७० हजार कोटी रुपयांची शिफारस केली, ही मोठी संधी होती. पण काय बांधायचे, काय घ्यायचे याचे रकाने तिथेही आधीच ठरलेले होते. पैसा गावाच्या नावाने आला, निवड गावाकडे आली नाही.

शहरांची गोष्ट आणखी बिकट. तिथे ग्रामसभाच नाही. झोपडवस्त्यांत महिला आरोग्य समित्या आहेत, पण त्यांचे म्हणणे महापालिकेच्या अर्थसंकल्पात कोणत्या दाराने शिरते, हे समितीतल्या बायांनाही सांगता येणार नाही. मुंबईत ‘आपला दवाखाना’ रात्री उशिरापर्यंत उघडा राहू लागला, तेव्हा हातावर पोट असणाऱ्यांना मजुरी न बुडवता डॉक्टर दिसला. दवाखान्याची वेळ ही सुद्धा गरज असते. ती कळायला मोठा अभ्यास लागत नाही. रांगेतल्या माणसाला विचारावे लागते.

तेव्हा करायचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक तालुक्याची आरोग्य गरज पाहणी व्हावी. ती आरोग्य खात्याने एकट्याने न करता ग्रामपंचायत, महिला गट, जवळचे वैद्यकीय किंवा समाजकार्य महाविद्यालय आणि स्थानिक संस्था यांनी मिळून करावी. तिचे निष्कर्ष मराठीत, आणि जिथे बोली वेगळी असेल तिथे त्या बोलीत, गावासमोर वाचले जावेत. गावाने ठरवलेल्या पहिल्या तीन गरजांना आरोग्य खात्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे: मान्य असेल तर कधी आणि किती पैशांत, मान्य नसेल तर का नाही. जिल्हा नियोजन समितीच्या आरोग्यावरच्या खर्चातला निश्चित वाटा या गरजांसाठी अबंधित ठेवावा. आणि पाणी, रस्ता, दारू, फवारणी अशा, आरोग्य खात्याच्या हद्दीबाहेरच्या गरजा जिल्हाधिकाऱ्यांनी संबंधित खात्याच्या गळी उतरवाव्यात. यांतले लेखी उत्तर सर्वांत महत्त्वाचे. विचारून उत्तर न देणे हे न विचारण्याहून वाईट; दोनदा असे झाले की तिसऱ्या सभेला गाव येत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. हे सारे पुन्हा आशाताईंच्या डोक्यावर टाकून मोकळे होऊ नये. मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात ज्यांना पुन्हा पुन्हा बसावे लागते, त्यांच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर कोंबणे म्हणजे लोकसहभाग नव्हे. गरज पाहणीच्या कामाला माणूस आणि मेहनताना दोन्ही लागतात, आणि ते अर्थसंकल्पात दिसले पाहिजेत. जे सरकार जाहिरातीला पैसे काढू शकते त्याला विचारपूस करायला पैसे नाहीत, असे कोणी म्हणू नये.

सरकार हे कधी करेल याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. १ मे रोजी महाराष्ट्रभर ग्रामसभा भरतील. तोवर बहुतेक साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप संपलेले असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात. २६ जानेवारीला जे गाव फडात असते ते त्या दिवशी घरी असते. आधी महिला सभा घ्या, खरीखुरी घ्या. गावच्या आरोग्य समितीत कोण कोण आहे, तिला किती पैसे आले आणि ते कशावर गेले, हे वाचून दाखवायला सांगा. मग आपल्या गावाच्या पहिल्या तीन गरजा ठरवून ठरावात लिहा, ठरावाची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.